ताशा सोडून रॉचेस्टरला : ड्रम कोअरचा लेबर डे वीकेंड

शुक्रवार

लेबर डे वीकेंड, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारला जोडून येणारी सुट्टी, हा आमच्याकडे न्यू जर्सीत पथकाच्या प्रॅक्टिसचा ऐन मोसम. गणपती तोंडावर आलेले, कुणाच्या तरी गॅरेजमधून ढोल बाहेर निघालेले, पानं ताणून झालेली, आणि अशा वेळी ताशावाला दांडी मारून रॉचेस्टरला अमेरिकन लोकांचे ड्रम ऐकायला चाललाय म्हटल्यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण ऑफिसातला एक सहकारी कधीपासून मागे लागला होता. गृहस्थ साठीला टेकलेले, आठवडाभर डेटाबेस सांभाळतात आणि शनिवार-रविवार उन्हात उभं राहून बॅरिटोन नावाचं पितळी वाद्य वाजवतात. त्यात आमची लेक हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये कलर गार्डला, म्हणजे झेंडे आणि लाकडी रायफली हवेत फेकून झेलणारी जी मुलं असतात त्यांच्यात. तिने हट्टच धरला. बायको म्हणाली, तुम्ही दोघं कानठळ्या बसवून घ्या, मला तळ्याकाठी सोडा. असा तह होऊन आम्ही निघालो. हे सगळं कोविडच्या आधीचं, तेव्हाचे फोनमधले नोट्स आणि लेकीची वही समोर ठेवून लिहितोय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. ड्रम कोअर म्हणजे फक्त पितळी वाद्यं, ड्रम आणि कलर गार्ड. क्लॅरिनेट नाही, बासरी नाही, सॅक्सोफोन नाही. फुटबॉलच्या मैदानावर ही सगळी फौज चालत, धावत, मागे सरकत, आकार बनवत दहा-बारा मिनिटांचा कार्यक्रम करते आणि परीक्षक १०० पैकी मार्क देतात. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू असल्या माजी सैनिकांच्या संघटनांनी गावोगावी ही पथकं उभी केली, तिथून हे आलं. तरुणांची जी मोठी स्पर्धा, डीसीआय, तिच्यात साधारण विशी-एकविशी झाली की तुम्ही बाहेर. मग ज्यांचं वेड जात नाही त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी सीनियर कोअर, ज्यांना आता ऑल-एज म्हणतात. १९६३ साली डीसीए नावाची संघटना निघाली आणि दर लेबर डेला तिची चँपियनशिप भरायची. वरची वयोमर्यादा नाही. सोळा वर्षांचं पोरगं आणि त्याच्या आजोबांच्या वयाचा माणूस एकाच रांगेत एकच ठेका वाजवतोय असं दृश्य इथं कुणाला नवलाचं वाटत नाही.

एडिसनवरून निघून आय-८० हायवे, डेलावेअर वॉटर गॅप, मग स्क्रँटन, बिंगहॅम्टन, तिथून पश्चिमेला वळून कॉर्निंगच्या बाजूने वर रॉचेस्टर. साधारण सव्वातीनशे मैल. स्क्रँटनलाही पूर्वी बरीच वर्षं ही चँपियनशिप भरायची, त्यामुळे सहकाऱ्याने फोनवर "तिथं अमुक वळणावर आमची बस बंद पडली होती" वगैरे रनिंग कॉमेंट्री चालू ठेवली. वाटेत रेस्ट एरियात दोन बस आणि एक भलामोठा ट्रक उभा, ट्रकवर कोअरचं नाव, आणि बसमधून उतरून कॉफीच्या लायनीत उभी राहिलेली मंडळी बघितली तर अर्धी कॉलेजची पोरं आणि अर्धे गुडघ्याला पट्टे बांधलेले काका. लेक म्हणाली, बाबा, हे तुमच्या पथकासारखंच दिसतंय. मी म्हटलं आमच्याकडे गुडघ्याचे पट्टे कंबरेला असतात.

रात्री मिनी-कोअरची स्पर्धा होती. मूठभर वाजवणारे, मार्चिंग नाही, स्टेजवर उभं राहून वाजवायचं, थोडा जॅझ, थोडा वात्रटपणा. बंद हॉलमध्ये ट्रंपेट म्हणजे काय असतं ते तिथं कळलं. परीक्षण वगैरे करण्यासारखं मला काही वाटलं नाही, हा हॉटेलातला धमाल कार्यक्रम आहे, हातात बिअर घेऊन ऐकायचा. एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. एका ग्रुपमध्ये सेटवर बसलेला ड्रमर एवढा हळू वाजवत होता की ट्रंपेटवाल्यांना आपोआप आवाज खाली आणावा लागला. आमच्या पथकात हे जमवणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

शनिवार

सकाळी सोलो आणि छोट्या ग्रुपच्या स्पर्धा. मी लेकीला गार्डच्या खोलीत सोडलं आणि स्नेअर ड्रमच्या खोलीत जाऊन बसलो ते हललोच नाही.

मार्चिंग स्नेअरचं वरचं पान केव्लारचं असतं, ज्याचं बुलेटप्रूफ जॅकेट करतात तेच. ताण इतका की काठी टाकली तर टेबलावर टाकल्यासारखा आवाज. ताशावर काडी जशी स्वतःहून नाचते तशी इथं नाचते पण एकेक ठोका सुटा ऐकू येतो, लपवायला जागाच नाही. आपली तर्री ही एक सलग झालर असते, त्यात एखादा ठोका पडला न पडला कुणाला कळत नाही. इथला रोल म्हणजे प्रत्येक हाताचे दोन-दोन ठोके आणि ते चारही एकाच वजनाचे हवेत. परीक्षक समोर बसून रेकॉर्डरमध्ये बोलत असतो, वाजवणाऱ्याला नंतर ते ऐकायला मिळतं. १९३३ साली अमेरिकेतल्या ड्रमरांनी एकत्र येऊन २६ मूलभूत बोल ठरवले, १९८४ साली ती यादी ४० ची झाली, त्यांना रूडिमेंट्स म्हणतात. फ्लॅम, ड्रॅग, पॅराडिडल. सगळी सोलो या चाळीसच्याच जोडाजोडीवर चालतात.

पहिले काही वाजवणारे तरुण होते, वेग भयंकर, काठ्या पाठीमागून फिरवणं, एकमेकांवरून उडवणं, सगळं. टाळ्याही भरपूर. मग एक बाई आल्या, पन्नाशीच्या असाव्यात, काठ्यांना पांढरी टेप गुंडाळलेली आणि ती टेप डाव्या काठीवर एका जागी घासून काळी पडलेली. ट्रॅडिशनल ग्रिप, म्हणजे डावा तळहात वर, काठी अंगठ्याच्या बेचक्यात. पूर्वी सैनिक ड्रम खांद्याला अडकवून डाव्या मांडीवर तिरका सोडायचे, त्या तिरक्या ड्रमवर मारायला ही पकड सोयीची, ड्रम सरळ झाला तरी पकड राहिली. बाईंनी सुरुवातच इतकी हळू केली की मला वाटलं विसरल्या. काठ्या पानापासून जेमतेम तीन इंच वर. मग तोच बोल सहा इंचावरून, मग नऊ, आणि लय मात्र तसूभर हलली नाही. शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांतच पूर्ण हात उघडला. खोलीत पाच-पन्नास लोक असतील, त्यातले जे स्वतः वाजवणारे होते ते पुढे झुकून फक्त हात बघत होते. त्यांना नंबर काय मिळाला मला माहीत नाही, मी रिझल्टला थांबलो नाही. माझ्यापुरता वीकेंडचा पहिला नंबर तिथंच लागला होता.

दुपारी गाव. जेनेसी नदी शहराच्या मधोमध धबधबा होऊन पडते, हाय फॉल्स, शंभरेक फूट. कोडॅकचं गाव, त्यामुळे जुन्या इमारतींवर सगळीकडे तेच नाव. इथली खासियत म्हणजे गार्बेज प्लेट, खाली तळलेले बटाटे आणि मॅकरोनी सॅलड, वर हॉट डॉग किंवा बर्गर, त्यावर मटण खिम्याच्या जातीचा सॉस, कांदा, मोहरीची चटणी, सगळं एकात एक. आम्ही ग्रिल्ड चीजवाली घेतली. खाऊन झाल्यावर झोप येते एवढं सांगतो, पुढे नाही.

आता खरी गोष्ट. स्पर्धा स्टेडियममध्ये असते पण ड्रम ऐकायचे ते स्टेडियमबाहेर, पार्किंग लॉटमध्ये. सहकाऱ्याने आधीच बजावलं होतं, चार वाजता लॉटमध्ये ये, तिकीट लागत नाही. गेलो तर प्रत्येक कोअरची ड्रमलाइन आपापला कोपरा धरून अर्धगोलात उभी, समोर मेट्रोनोमचा स्पीकर टिकटिक करतोय आणि भोवती प्रेक्षकांची गर्दी. वॉर्मअपला सगळे जण एकच वाजवतात, उजव्या हाताचे आठ ठोके, डाव्या हाताचे आठ ठोके. बस्स एवढंच. पण आठ-नऊ स्नेअर हे एकत्र वाजवतात तेव्हा एकच ड्रम वाजल्यासारखं वाटलं पाहिजे, आणि ज्या कोअरमध्ये ते वाटतं त्यांचं पुढचं सगळं ऐकायची गरज नाही, ते चांगलेच असणार. एका ठिकाणी मला वाटलं. दुसऱ्या एका ठिकाणी आठव्या ठोक्याला कडेचा एक जण दर वेळी थोडा आधी पोचत होता आणि इन्स्ट्रक्टर न बोलता फक्त त्याच्याकडे बघत होता. काही न बोलता. बिचारा.

टेनर म्हणजे एका माणसाच्या कमरेला अडकवलेले पाच-सहा छोटेमोठे ड्रम, त्यावर हात आडवे पळतात. आणि बेस ड्रम पाच, लहानापासून मोठ्यापर्यंत, प्रत्येक माणसाकडे एकच, आणि एका वेगवान बोलाचे ठोके हे पाच जण आपापसात वाटून घेतात. म्हणजे तुमच्या वाट्याला चारातला फक्त तिसरा ठोका. तो तुम्ही चुकवलात तर शेजारच्याचंही वाक्य मोडतं. मी अर्धा तास फक्त सर्वात खालच्या बेसवाल्या काकांना बघत होतो. जाडजूड माणूस, दाढी पांढरी, ओळीत सगळ्यात कमी ठोके त्यांचे, आणि प्रत्येक ठोक्याच्या आधी ओठ किंचित हलायचे. वाजवत नसताना मोजत होते. मोजणं थांबतच नव्हतं.

संध्याकाळी प्रिलिम्स. आमची तिकिटं खालच्या रांगांची, जवळजवळ मैदानाला चिकटून. वाटलं होतं जवळून छान दिसेल. जवळून छान दिसतं ते मैदानाच्या पुढच्या कडेला मांडलेलं पिट, म्हणजे मरिंबा, व्हायब्राफोन, झांजा, सिंथेसायझर आणि त्यांचे स्पीकर. हे स्पीकर माझ्या डोक्यात गेले. पूर्वी पिट नव्हतंच, मग ऐंशीच्या दशकात वाद्यं जमिनीवर ठेवायला परवानगी मिळाली, मग माइक आले, मग इलेक्ट्रॉनिक्स. मरिंबासारखं नाजूक वाद्य उघड्या मैदानात ऐकू यायला माइक हवाच हे मान्य. पण सिंथेसायझरचा तो पोट हलवणारा खालचा सूर प्रत्येक क्लायमॅक्सला सोडायचा, की ट्युबावाले दहा लोक वर्षभर फुप्फुसं फाडून जे कमावतात ते एका बटणाखाली झाकलं जातं, हे मला काही झेपलं नाही. डीजे लावल्यावर ढोलाचं जे होतं ते. असो.

कोअरचं एकेक करून लिहितो, पण ज्यांचं जमलं नाही त्यांची नावं लिहिणार नाही, लोक हौसेने पदरमोड करून येतात.

सुरुवातीला छोटी कोअर येतात. एक होती, चाळीसेक लोकांची असावी, मैदान केवढं मोठं वाटत होतं त्यांच्याभोवती. पितळ बरं होतं, सोलो ट्रंपेटवाल्याने तर दाद घेतली, पण ड्रम आणि पिट एकमेकांना सापडेनात. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. फुटबॉलचं मैदान १६० फूट रुंद, म्हणजे जवळपास ४९ मीटर. मागच्या कडेला वाजलेला ठोका पुढच्या कडेला पोचायला सेकंदाचा सातवा हिस्सा लागतो. ऐकायला काहीच नाही, पण मिनिटाला १६० च्या लयीत एका मात्रेचा चौथा भाग त्याहून छोटा असतो. म्हणजे मागच्या ड्रमरने आणि पुढच्या मरिंबावालीने दोघांनीही ड्रम मेजरचे, म्हणजे समोरच्या कंडक्टरचे, हात बघून अगदी बरोबर वाजवलं तरी प्रेक्षकाला ते फुटलेलंच ऐकू येणार. म्हणून नियम असा की मागच्यांनी हात बघायचे आणि पुढच्यांनी हात न बघता मागून येणारा आवाज ऐकून त्याच्यावर वाजवायचं. समोर कंडक्टर हात हलवतोय आणि त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं, याला सवय लागते. या कोअरमध्ये पिटमधले निम्मे लोक हात बघत होते आणि निम्मे ऐकत होते. मिरवणुकीत पुढचे ताशे आणि मागचे ढोल यांचं लक्ष्मी रोडवर काय होतं ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना हे सांगायला नको.

रसीन, विस्कॉन्सिनचे किल्टीज चक्क स्कॉटिश किल्ट घालून येतात. मैदानात शिरल्यापासून लोक खुश. त्यांच्याबद्दल माझं मत असं की ते मार्कांसाठी येतच नाहीत, ते लोकांसाठी येतात. आणि सेंट पीटर, मिनेसोटाचे गव्हेनेअर्स, कोअरची स्थापना १९२७ ची, सगळ्यात जुन्यांपैकी. एवढ्या लांबून बस करून येणं हेच मोठं काम. आकार साधे, पण प्रत्येक आकारात माणसं स्थिर, घाई नाही. मला आवडलं. लेकीला कंटाळवाणं वाटलं. तिचं म्हणणं गार्डला काही करायलाच दिलं नव्हतं, आणि त्यात तथ्य होतं.

मिनेसोटा ब्रासकडून माझ्या अपेक्षा होत्या कारण २०११ साली ईशान्येच्या बाहेरचं कोअर पहिल्यांदा जिंकलं ते हेच. त्यांचा पितळी आवाज गोल, कुठंही कर्कश नाही. पण खालच्या रांगेत बसून मला त्यांची ड्रिल, म्हणजे चालत आकार बनवणं, काही म्हणजे काही कळली नाही. माणसं इकडून तिकडे पळत होती एवढंच दिसलं.

हॉथॉर्न कॅबलेरोज हे आपल्या न्यू जर्सीचे. १९४६ पासून, अमेरिकन लीजनच्या पोस्टमधून निघालेले. स्पॅनिश ढंग ही त्यांची ओळख, संगीत लॅटिन, पोशाखही तसाच. आमच्या मागे बसलेल्या दोन म्हाताऱ्यांची त्यांच्यावरून खडाजंगी चालली होती, एकाचं म्हणणं आताचे कॅब्स ते कॅब्स राहिले नाहीत, दुसऱ्याचं म्हणणं तू १९७० पासून हेच बोलतोयस. ड्रमलाइन मस्त. लॅटिन संगीतात ड्रमरला नुसता वेग दाखवून भागत नाही, ठोका किंचित मागे टेकून बसावा लागतो, आणि तो इतक्या लोकांनी एकत्र मागे टेकायचा म्हणजे कमाल आहे. एका जागी पितळवाले थांबतात, फक्त ड्रम चालू राहतात आणि मागे गार्डचे लाल कपडे उडतात, त्या क्षणी अख्खं स्टँड उभं राहिलं. मीही.

रेडिंग बकनीअर्स सगळ्यात शेवटाकडे. पेनसिल्वेनियाचे, १९५७ चे, आणि २००५ नंतरच्या दशकात बहुतेक विजेतेपदं यांचीच. खाली बसूनही एवढं कळलं की यांचे पाय वेगळे आहेत. पाच यार्डात आठ पावलं हे इथलं माप, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंच, आणि ते पाऊल सगळ्यांचं साडेबावीसच पडतं, उंच माणसाचंही आणि बुटक्याचंही. माझ्या नोट्समध्ये त्यांच्यासमोर फक्त "उद्या वरून बघणे" एवढंच लिहिलंय.

रविवार

सकाळी बायकोबरोबर ओंटारिओ तळ्याच्या काठावर. समुद्रच म्हणायचा, पलीकडे काही दिसत नाही. तिथं जुना लाकडी घोड्यांचा कॅरोसेल आहे १९०५ चा, त्यावर बायको एकटी दोनदा बसून आली होती आदल्या दिवशी आणि आम्हाला सांगितलंही नव्हतं.

अकराच्या सुमारास अ‍ॅलम्नाय कोअरचा कार्यक्रम. ही स्पर्धा नाही. जुनी बंद पडलेली किंवा निवृत्त लोकांची कोअर येऊन वाजवतात, फारसं चालत नाहीत, उभं राहून वाजवतात. न्यूयॉर्कचे स्कायलायनर्स, जवळच्याच बटेवियाचे मायटी सेंट जोज. कित्येकांकडे जुने जी सुरातले ब्यूगल, ज्यांना पूर्वी एकच पिस्टन असायचा, मग दोन झाले, आणि तिसरा यायला १९९० उजाडलं. एका पिस्टनवर सगळे सूर निघत नाहीत, त्यामुळे जुने अरेंजर न निघणारा सूर दुसऱ्या वाद्याला वाटून द्यायचे. इथं माइक नाही, सिंथेसायझर नाही, आणि पहिला सूर आला तेव्हा स्टँडच्या पत्र्याला हात लावला तर तो थरथरत होता. परीक्षण करायचं तर अर्ध्यांचे सूर वर होते आणि ड्रमलाइनची लय शेवटी पळाली. चालायचंच. वॉकर घेऊन मैदानाच्या कडेपर्यंत आलेले एक गृहस्थ वॉकर बाजूला ठेवून खुर्चीत बसले आणि झांजा वाजवल्या. त्या झांजा मात्र जिथं पडायला हव्या तिथंच पडल्या.

संध्याकाळी फायनल्स, आणि या वेळी आम्ही वरच्या शेवटच्या रांगांत, पन्नास यार्डाच्या रेषेच्या जवळपास. आदल्या दिवशीचे तेच शो, तीच माणसं, पण मी वेगळ्याच गोष्टी बघत होतो. मिनेसोटाची जी पळापळ वाटली होती ती वरून बघितली तर एक मोठा गोल स्वतःभोवती फिरत फिरत दोन बाजूंना उघडतो आणि त्याच्या पोटातून गार्ड बाहेर पडते. लेकीने माझा हात एवढा दाबला की वळ उठला. कॅबलेरोजचं उलट झालं, वरून त्यांचे काही आकार भोंगळ दिसले, डावीकडची कमान दर वेळी थोडी पोटातून आत आलेली, खाली बसून हे कळलंच नव्हतं. पण ड्रम सुरू झाले की पुन्हा तेच, लोक उभे.

रेडिंगचं वरून बघणं हा वेगळाच अनुभव. एक तिरपी रेष मैदानाच्या एका कोपऱ्यातून निघते, तिच्यातले लोक वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळ्या लांबीची पावलं टाकतायत आणि रेष मात्र ताणलेल्या सुतळीसारखी सरळ. मी मुद्दाम एकाच माणसावर नजर ठेवली, सूझाफोनसारखा जड ट्युबा खांद्यावर, तो मागे न बघता उलटा चालत, मध्येच दिशा बदलून दोन धावत्या गार्डच्या मुलींमधून निघून बरोबर आपल्या जागी उभा राहिला आणि लगेच सूर लावला. श्वास कधी घेतला देव जाणे. ड्रमलाइन स्वच्छ, इतकी स्वच्छ की मला थोडी गारही वाटली. हे मी लेकीला म्हटलं तर ती चिडली. बाबा, स्वच्छ वाजवणं सोपं असतं तर सगळ्यांनीच वाजवलं असतं. बरोबर आहे तिचं. तरी माझ्या अंगावर काटा आला तो कॅब्सच्या वेळी, त्याला मी काय करू.

मार्कांचं गणित तिनेच मला समजावलं. डीसीआयच्या पद्धतीत १०० पैकी ४० मार्क जनरल इफेक्टचे, म्हणजे एकूण परिणामाचे, ३० दृश्याचे आणि ३० संगीताचे. संगीताच्या ३० मध्ये पितळ, ड्रम आणि एकत्रित संगीत अशा तीन परीक्षकांचे मार्क जोडून निम्मे करतात. डीसीएचा तक्ता थोडा वेगळा होता पण वळण तेच. म्हणजे नाव ड्रम कोअर आणि फक्त ड्रमला शंभरातले थेट १०. हे ऐकून माझ्यातल्या ताशावाल्याचा जीव कळवळला. बहुतेक परीक्षक वर बसले होते, ड्रमचा परीक्षक मात्र मैदानात उतरून ड्रमलाइनच्या समोर, कधी मागून धावत ऐकत होता. बरोबरच आहे, वर बसून त्याला काय कळणार? पण मग ज्याला दोन फुटांवरून सगळं ऐकू येतं आणि ज्याला दोनशे फुटांवरून ऐकू येतं ते दोघं एकाच शोबद्दल बोलतायत असं म्हणायचं का, हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. मी स्वतःच तीन जागांवरून ऐकलं आणि माझी तीन मतं झाली. लॉटमध्ये जी लाइन मला सगळ्यात चांगली वाटली होती ती वरच्या रांगेत आली तोवर पितळाखाली गडप. तिथं बसणाऱ्याने त्यांना कमी मार्क दिले तर तो खोटं बोलत नाहीये.

सगळ्यांचं झाल्यावर रिट्रीट, म्हणजे सगळी कोअर मैदानात रांगेने उभी आणि खालच्या क्रमांकापासून निकाल. दशांशात फरक असतात. आमच्या सहकाऱ्याचं कोअर वरच्यांत नव्हतं, नंबर मुद्दाम लिहीत नाही. नंतर बसपाशी भेटलो तेव्हा ते घामाने निथळत होते, ओठ सुजलेले, आणि मला विचारलं काय, की शेवटच्या भागात तिसऱ्या ओळीची वळणं वरून कशी दिसली. मी म्हटलं सरळ दिसली. दिसलीच होती, मी खास बघून ठेवली होती. मग त्यांनी आपल्या बायकोला फोन लावून तेच सांगितलं.

सोमवार

परतीला वाटेत कॉर्निंगला काचेच्या म्युझियममध्ये घुसलो, ते बायकोचं देणं होतं. तिथं गरम काच फुंकून फुलदाणी करून दाखवतात, आमच्या लेकीचं लक्ष फुंकणाऱ्याच्या गालांकडे, हा ट्युबा वाजवू शकेल म्हणे. बिंगहॅम्टनच्या पुढे ट्रॅफिक. लेबर डेला सगळं न्यू जर्सी एकाच वेळी घरी परततं. त्या दोन तासांत गाडीत रेडिंग विरुद्ध कॅबलेरोज असा सामना परत झाला आणि बायकोने, जिने दोघांनाही बघितलेलं नाही, निकाल दिला की आता गाणी लावा.

मंगळवारी पथकाच्या प्रॅक्टिसला गेलो आणि सगळ्यांना उजव्या हाताचे आठ, डाव्या हाताचे आठ वाजवायला लावलं. दहा मिनिटं टिकलं. मग कुणीतरी नेहमीचा हात सुरू केला आणि मी पण वाजवला.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी : २०२४ पासून हा ऑल-एज विभाग डीसीआयकडे गेला आहे, त्यामुळे लेबर डेचं जुनं समीकरण संपलं, वेळापत्रक त्यांच्या साइटवर बघूनच बेत करा. न्यू जर्सी, पेनसिल्वेनियात उन्हाळ्यात हायस्कूलच्या मैदानांवर छोटे शो होतात, पहिल्यांदा बघणाऱ्याने तिथंच जावं. इअर प्लग न्या, मुलांना तर लावाच. तिकीट वरच्या रांगेचं काढा, मधल्या रेषेजवळचं. आणि शो सातला असेल तर पार्किंगला चारला पोचा, खुर्ची घडीची बरोबर ठेवा.